बी लिहिलेला सांधा

अक्षर माझंच होतं. सही माझी, शिक्का माझा, तारीख अकरा वर्षांपूर्वीची. नाकारायला जागा नव्हती, तरी पहिली पाच मिनिटं मी तेच करत बसले.

सकाळी टेबलावर नवी ऑर्डर आली होती. बसच्या पंपांवर बसवायच्या हायड्रोजनच्या आडव्या टाक्या. टाकी म्हणजे पोलादाच्या जाड प्लेटा वाकवून, वेल्डिंगनं जोडून केलेलं पिंप. तिच्या प्रत्येक सांध्याला नंबर द्यायचा आणि वर्ग द्यायचा, हे माझं काम. अक्षय्य व्हेसल्समध्ये सतरा वर्षं मी हेच करते. ज्या सांध्यावर पूर्ण ताण येतो तो ए. त्याची एक इंचही न सोडता एक्स-रे फिल्म काढायची. ज्याच्यावर ताण कमी तो बी. त्याची वीतभर फिल्म काढली की पुरे, बाकीचा सांधा विश्वासावर. नळ्यांना आणि तोंडांना सी, डी. ते इथं सोडून देऊ.

नव्या ड्रॉइंगवर डिशएंडच्या सांध्यापुढं मी ए लिहिलं. डिशएंड म्हणजे पिंपाच्या टोकाची टोपी. मग आठवलं, अशीच टाकी आपण पूर्वी केली आहे, नंबर एकतीस. म्हटलं, तिचा सांध्यांचा नकाशा समोर ठेवू, काम लवकर उरकेल. फाईल काढली. डिशएंडच्या सांध्यापुढं बी.

आमच्या शॉपमध्ये एक मंत्र चालतो. लाँग सीम ए, सर्क सीम बी. म्हणजे लांबीची शिवण ए, गोल फिरणारी शिवण बी. कामाला लागलेल्या माणसाला चहाच्या आधी हा मंत्र मिळतो. दहात नऊ वेळा तो खराही असतो. दहाव्या वेळी टोपी अर्धगोल असते, चेंडू मधोमध कापल्यासारखी. गोल आकार दाब चांगला सोसतो, म्हणून ही टोपी बाकीच्या पिंपाच्या निम्म्या जाडीची करतात. पोलाद वाचतं. पण निम्म्या जाडीच्या प्लेटला राखीव ताकद उरत नाही. ती पूर्ण ताणावर उभी असते, आणि तिला धरणारा सांधाही. म्हणून तो गोल फिरत असला तरी ए.

एकतीस नंबरच्या टोप्या आधी चपट्या होत्या. काम अर्ध्यावर असताना गिऱ्हाइकानं अर्धगोल मागितल्या. ड्रॉइंग बदललं. मी नकाशा नव्यानं लिहिला, नंबर बदलले, आणि वर्गाचा रकाना जुन्या कागदावरून तसाच उतरवला. गोल फिरतोय ना, मग बी. साडेसात मीटर सांध्यातली एक वीत आम्ही बघितली.

ती फिल्म अजून पाकिटात होती. दिव्याच्या पेटीवर लावली. उजव्या कडेला केसाएवढी काळी रेघ होती, फिल्मच्या बाहेर निघून जाणारी. तिच्यापुढं माझाच शेरा: कडेचा डाग, मान्य.

तो डाग नव्हता. सांध्याचं मूळ वितळून एकजीव झालं नाही की अशी रेघ येते. हे मला आज कळतं. त्या दिवशीही कळलं असतं, पण दुपार होती, टाकी न्यायला गाडी दारात उभी होती, आणि बी होता. ए असता तर पुढची फिल्म असती आणि रेघ कुठवर जाते ते दिसलं असतं. बीला पुढची फिल्म नसते.

एकतीस नंबरची टाकी तांबेवाडी फाट्याच्या बस पंपावर आहे. तिथं दिवसपाळीला माझा नवरा आहे, बाळासो.

*

महाजनी सर आमचे क्वालिटीचे प्रमुख. वाईट माणूस नाही. वाईट असता तर भांडायला तरी बरं पडलं असतं.

"एकतीस?" त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. "हिरवी आहे."

हिरवी म्हणजे नाडी हिरवी. नाडी म्हणजे टाकीवर लक्ष ठेवणारं यंत्र, आलं सहा वर्षांपूर्वी. हायड्रोजनचा अणू सगळ्यात बारीक. तो पोलादात शिरतो, चीर असेल तिथं तिच्या टोकाशी जाऊन बसतो आणि पोलादाला बिस्किटासारखं ठिसूळ करतो. टाकी भरली की चीर केसभर उघडते, रिकामी झाली की मिटते, पुन्हा भरली की आणखी केसभर. पण पोलाद मुकाट्यानं फाटत नाही. चीर पुढं सरकताना आवाज होतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. टाकीवर चिकटवलेल्या ठिकळ्यांना, म्हणजे बिल्ल्याएवढ्या सेन्सरना, येतो. त्या ऐकतात, नाडी हिशोब करते आणि टाकी किती दिवस टिकेल ते सांगते. यंत्र खोटं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. नाडीनं माझ्या डोळ्यांदेखत चार टाक्या फुटण्याआधी पकडल्या.

मग नियम आला. नाडी हिरवी असेल तर माणसाच्या शेऱ्यावरून टाकी बंद करता येणार नाही. माणसं उगाच घाबरतात, माणसं लाच खातात, माणसं सूड उगवतात. हेही खोटं नव्हतं.

"सर, ठिकळ्या मोजक्या असतात. ए सांध्याला हातहातभर अंतरावर एक, अख्ख्या बी सांध्याला मिळून एकच. आणि कुठला सांधा ए, कुठला बी, हे नाडीला कोण सांगतं? माझा नकाशा. त्या टोपीशी तिला कान नसल्यातच जमा. मीच सांगितलंय तिला, तिकडं ऐकायची गरज नाही म्हणून."

महाजनींनी चष्मा काढून पुसला. "वर्ग बदलायचा फॉर्म आहे. मूळ सही करणाऱ्यानं चुकीचा दाखला दिल्याचं कबूल करायचं. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, माहीत आहे ना?"

"आहे."

"आणि एवढं करूनही टाकी थांबत नाही, खरातबाई. वर्ग बदलला की नाडी पिवळी होते. पिवळी म्हणजे तीस दिवसांत तपासणी. तोवर टाकी चालू."

"मग तीस दिवस तुम्ही तिथं जाऊन बसाल? टोपीसमोर, खुर्ची टाकून?"

"मी कशाला बसू? ते माझं काम नाही."

"बाळासो बसतात. त्यांचं काम आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "रजा टाकायला सांगा त्यांना."

हा त्यांचा चांगुलपणा होता. मला तो थोबाडीत मारल्यासारखा लागला. मी तिथंच उभ्यानं फॉर्म भरला आणि अंगठा टेकवला. स्क्रीनवर एकतीसपुढं पिवळा ठिपका आला. त्याखाली ओळ: माहिती अपुरी, कामकाज सुरू ठेवावे.

*

साडेअकराला स्कूटर काढली आणि हुसेन मुल्लांच्या घरी गेले. टोपीचा सांधा त्यांनीच मारला, म्हणजे वेल्ड केला होता. चौऱ्याहत्तर वय, कानानं कमी, पण हात अजून थरथरत नाही. अंगणात कोंबड्यांची जाळी तारेनं शिवत बसले होते.

"चाचा, एकतीस नंबर आठवतो? अर्धगोल टोपीवाला."

"क्लोजिंग सीम," ते लगेच म्हणाले. शेवटची टोपी बसली की टाकी बंद होते, आत माणूस जाऊ शकत नाही, सगळं मूळ बाहेरून भरावं लागतं. त्याला क्लोजिंग सीम म्हणतात. "ये, बस. त्याला इसरतोय व्हय मी."

"मूळ भरलं होतं?"

त्यांनी पक्कड खाली ठेवली. "खरं सांगू? न्हवतं. टोपी बसवताना एका अंगाला गॅप मिटला हुता, भरायला फटच न्हाई. दीड हातभर. म्या ग्राइंडर घातला, उघडला थोडा. पुरता न्हाई उघडला. वरून घाई. म्हटलं, जाऊ दे, फिल्ममध्ये दिसंल, अनसूया धरंल, मग खणून पुन्हा मारू. तुझी फिल्म पास होऊन आली. म्हटलं, चला, देवानं भरलं."

"मी वीतभरच बघितलं चाचा."

"मी तुझ्यावर टाकलं, तू त्या वितीवर टाकलंस." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आपुन दोघंबी हरामखोर, पोरी."

मला रडू आलं नाही. कुणीतरी चुकीला तिच्या नावानं हाक मारल्याचं बरंच वाटलं.

"लिहून द्याल?"

"देतो की. पर वाचतंय कोन?"

त्यांनी लिहून दिलं. दीड हात, कुठल्या बाजूला, किती खोल, सगळं. मी तिथूनच त्याचा फोटो काढून फॉर्मला जोडला. ठिपका पिवळाच राहिला.

*

बाळासोंना फोन लावला तेव्हा एक वाजला होता. चार वाजता टँकर येतो आणि टाकी पुरत्या दाबावर जाते. सगळ्यात वाईट घटका तीच.

"बोल गं. डबा उघडलाय. आज पुन्हा दोडका?"

"अहो, ऐका. टाकीपासनं लांब जावा."

"का, फुटती काय?"

"होय."

ते हसले. मग थांबले. मी सगळं सांगितलं, न थांबता, आणि मधे एकदाही त्यांनी तोंड घातलं नाही. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

"नाडी पिवळी झालीया मघाशी," ते म्हणाले. "मला वाटलं ठिकळी सुटली असंल."

"मीच केली पिवळी. लाल होत नाही. तुम्ही लाल बटण दाबा."

"बटनानं पंप थांबतू, टाकी भरलेलीच ऱ्हाती. धा मिंटात पुन्याच्या कंट्रोलातनं पुन्हा चालू करत्यात. वर मलाच नोटीस."

"मग निघून या."

"आन् कुणाला ठिवू हितं? जोडीच्या निवृत्तीला? त्येची तर दोन ल्हान पोरं हायती." त्यांचा आवाज खाली आला. "अकरा वर्सं गप बसलीस, आन् आज एक वाजता सांगतीस व्हय गं?"

"मला आज सकाळी कळलं."

"तुजंच अक्षर, आन् तुलाच कळलं न्हाई."

माझ्याकडं होता एकच उपाय, आणि तो लबाडीचा होता.

ठिकळ्या ऐकतायत की नाही हे दर महिन्याला तपासतात. त्याची रीत गमतीची आहे. यंत्र एवढं मोठं, पण तपासायला लागते पेन्सिल. खटक्याची, अर्ध्या मिलिमीटरच्या शिशाची. शिसं पोलादावर तिरकं टेकवून कट् करून मोडायचं. मोडणाऱ्या शिशाचा आवाज आणि सरकणाऱ्या चिरेचा आवाज ठिकळीला सारखाच वाटतो. आधी नाडीला तपासणी चालू आहे असं सांगायचं, मग मोडायचं. तांबेवाडीला हे काम बाळासोच करायचे. पेन्सिल त्यांच्या खिशात असायची.

"तपासणी चालू आहे असं न सांगता मोडा," मी म्हटलं. "टोपीच्या सांध्यावर. वीस-पंचवीस वेळा, थांबून थांबून."

"म्हंजी यंत्राला फसवायचं."

"खरं सांगून बघितलं. खऱ्याला पिवळा ठिपका मिळतो."

फोनमधून बसचा भोंगा ऐकू आला.

"डबा खाऊन घेतो," बाळासो म्हणाले. "मग बगतो."

*

दोन वाजून दहा मिनिटांनी एकतीस लाल झाली. मी शॉपमध्ये स्क्रीनसमोर उभी होते. नाडी लाल झाली की कुणाला विचारत नाही. झडपा आपोआप उघडतात आणि उंच नळीतून टाकी आभाळात रिकामी होते. साडेतीनला बाळासोंचा फोन आला. मागं बसवाले आईमाईवरून शिव्या देत होते.

"शून्यावर आली गं," ते म्हणाले. लहान पोरासारखा आवाज. "रिकामी झाली."

त्या दुपारी मी जगले. त्याच्या आधी आणि नंतर नुसतं चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी पथक आलं. लाल झालेल्या टाकीची फिल्म माणसानं काढायची, एवढं नियमानं अजून ठेवलं आहे. मला हेच तर हवं होतं. मी तांबेवाडीला त्यांच्या आधी पोचले होते. पथकाच्या अधिकाऱ्यानं फिल्म लावायला घेतली, टोपीपासून हातभर अलीकडं, लाँग सीमच्या टोकावर.

"तिथं नाही साहेब. पलीकडं. गोल सांध्यावर."

"आवाजाची जागा नाडीनं इथं काढली आहे."

मला तेव्हा कळलं. आवाज कुठून आला हे काढायला तो किमान तीन ठिकळ्यांनी ऐकावा लागतो. कुणाला आधी ऐकू आला, कुणाला नंतर, त्यावरून जागा निघते. टोपीच्या सांध्यावर ठिकळी एकच, तीही पार खालच्या अंगाला. बाकी सगळ्या लाँग सीमवर. हिशोब तिकडं ओढला गेला आणि शेजारच्या निर्दोष सांध्यावर जाऊन बसला. जो सांधा मी बहिरा करून ठेवला होता, तिथली आमची लबाडीसुद्धा यंत्राला नीट ऐकू आली नव्हती.

"साहेब, एक फिल्म. हातभर पलीकडं. एकच. पाया पडते."

"मॅडम, माझ्या आदेशात जो सांधा लिहिलाय तोच मी बघू शकतो."

"मूळ भरलेलं नाही तिथं! मारणाऱ्यानं लिहून दिलंय!"

"मग त्याचा अर्ज वेगळा करा."

त्यांनी लाँग सीमची फिल्म काढली. सांधा आरशासारखा. मग त्यांनी कॅमेरा बघितला. त्यात माझा नवरा टाकीला टेकून उभा होता, पेन्सिल हातात, खाली शिशाचे बारके तुकडे. एखादं पोर भिंतीवर चित्र काढतं, तसा मन लावून.

*

पुढचं सगळं कायद्यानं झालं, म्हणून पटापट झालं. बाळासोंवर सुरक्षा यंत्रणेत छेडछाड. माझ्यावर कट. मुल्ला चाचांचा कागद पुराव्यात गेला, आणि चाचा कटाचे तिसरे साथीदार ठरले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला जीपमध्ये चढवताना हवालदार म्हणाला, "आजोबा, कशाला पडता असल्या भानगडीत?" चाचांना ऐकू गेलं नसावं. ते म्हणाले, "व्हय, गॅप मिटला हुता."

आणि माझा फॉर्म? आरोपीची कबुली दूषित धरतात. ती रद्द झाली. टोपीचा सांधा पुन्हा बी झाला. नाडी लाल राहिली नाही, पिवळीही नाही, हिरवी झाली. चौथ्या दिवशी चार वाजता टँकर लागला.

आम्ही जामिनावर आहोत. अट आहे, तांबेवाडी फाट्याच्या पाच किलोमीटरच्या आत फिरकायचं नाही. म्हणजे टाकी फुटली तर आमच्या केसालाही धक्का लागणार नाही. सरकारनं आमची अशी व्यवस्था केली आहे.

बाळासो घरी असतात. बोलतात, पण कामापुरतं. एकदा जेवताना म्हणाले, "तू खोटं बोलत न्हाईस, ह्ये मला म्हायती हाय. पन त्या दिवशी तुजं लक्ष कुटं हुतं?" मी सांगितलं, दुपार होती, गाडी दारात होती. त्यांनी ताट सरकवलं. तेव्हापासून मी अंगणात जेवते.

मी अर्ज करते. एकवीस झाले. फाट्यावरच्या दुकानदारांना फोन केले. पहिल्यांदा ऐकून घेतलं, मग म्हणाले, "त्या पेन्सिलवाल्या बाई ना तुम्ही?" आणि हसले. महाजनी सर फोन उचलत नाहीत. माझ्या खुर्चीवर आता नवी मुलगी आहे. ती नव्या टाक्यांच्या टोप्यांना ए लिहिते की बी, हे मला कुणी सांगत नाही.

बाळासोंच्या जागी निवृत्ती ढोणे लागला. दोन लहान पोरांचा बाप तोच. मी त्याला रोज पावणेचारला फोन करते. टाकी थांबवणं माझ्या हातात नाही, हे मला कळून चुकलं आहे. आता फक्त एवढंच सांगते, की असा सांधा सुटला तर टोपी तोफेच्या गोळ्यासारखी सरळ रेषेत जाते. बाजूला उभा राहा. टोपीसमोर राहू नको.

पहिले आठ दिवस तो म्हणायचा, "वयनी, ठेवतो आता." मग नुसता फोन कापायचा. मग उचलेनासा झाला. मी तरी लावत राहिले.

काल त्यानं उचलला.

"वयनी," तो म्हणाला. आवाज दबका होता, कुणी ऐकू नये असा. "कुठल्या टोकाची टोपी?"

"रस्त्याकडची. अर्धगोलच दोन्ही, पण क्लोजिंग रस्त्याकडची."

"म्हंजी माझी केबिन त्याच रेषेत हाय."

"होय. तुझी खुर्ची तिथून काढ. कंप्रेसरच्या भिंतीमागं नेऊन टाक. कुणी विचारलं तर ऊन लागतं म्हण."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. फरशीवर खरखरत, लांबवर. मी फोन कानाला घट्ट धरून तो आवाज ऐकत होते. इतक्या दिवसांत एका माणसानं माझं ऐकलं होतं. एक माणूस दहा पावलं सरकला होता. मी हमसून हमसून रडायला लागले.

"बसलो," निवृत्ती म्हणाला. "वयनी, रडू नका. बसलो मी हिकडं."

"आता त्या रेषेत कोण आहे रे? कुणी नाही ना?"

पलीकडं टँकर मागं घेतल्याची शिट्टी वाजत होती.

"माझ्या केबिनीच्या मागं प्रवाशांची शेड हाय," तो म्हणाला. "चारच्या बसची माणसं बसल्यात. चाळीस-पन्नास असतील. शाळंची पोरं बी हायती."

"उठव त्यांना."

"काय सांगून उठवू, वयनी?"